श्री गाडगे महाराज आणि पंढरीतील निवारा

आषाढी एकादशीला पंधरा-वीस दिवस उरले, की आपल्या मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावर गळ्यात तुळशीची माळ व खांद्यावर पताका घेतलेली माणसे दिसू लागतात. हैदराबादेहून सोलापुराकडे जाणारा हा जुना रस्ता. त्यावरून जाणाऱ्यांत कोणी घरी कानडी बोलणारा असतो, कोणी मराठी, तर कोणी जहीराबादेकडचा तेलुगू भाषिक. परंतु हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग ही गावे एकामागून एक मागे पडू लागली म्हणजे सर्वांच्या मुखी नाम एकच उरते. आपल्या मंदिराच्या सभासद-कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी ही वारी पिढीजात आहे. वारीच्या पुण्याविषयी या पत्रिकेतून आजवर पुष्कळ लिहिले गेले. आज आम्ही वाचकांचे लक्ष एका अगदी गद्य अशा गोष्टीकडे वेधू इच्छितो. वारकरी पंढरीस पोचतो, दुरूनच कळसाला हात जोडतो. पण मग रात्री तो पाठ टेकतो कोठे? पाणी कोठले पितो? पहाटे देहधर्मासाठी जातो कोठे?

देवाधर्माच्या चर्चेत असले प्रश्न कोणास अप्रशस्त वाटतील. तथापि ज्या पुरुषाने आपले निम्म्याहून अधिक आयुष्य याच प्रश्नांना वाहिले, त्याला उभ्या महाराष्ट्राने संत म्हणून मानले. ते पुरुष म्हणजे श्री गाडगे महाराज.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात, एका परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी, पित्याचे नाव झिंगराजी, आडनाव जाणोरकर. मातोश्रींचे नाव सखूबाई. झिंगराजी मद्याच्या आहारी गेले आणि मूल अजाण असतानाच वारले. विधवा सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आल्या. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागला, मोटेवर गाणी म्हणू लागला आणि पुढे उत्तम नांगरट करणारा कुणबाऊ गडी म्हणून पंचक्रोशीत नावाजला. अक्षराशी मात्र त्याची ओळख झाली नाही. त्याच निरक्षरपणाचा फायदा घेऊन सावकार शेतकऱ्यास कसा लुबाडतो हे मामाच्या जमिनीच्या बाबतीत त्याने डोळ्यांनी पाहिले. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रूढीप्रमाणे दारू-मटणाचे जेवण घालावयाचे, ते त्याने घातले नाही, गोडाधोडाचे घातले. भाऊबंद रुसले. डेबूजी बधला नाही. दारूने घराचे काय होते हे त्याला कोणी सांगावयास नको होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. या प्रसंगाची तुलना काही चरित्रकार भगवान बुद्धाच्या गृहत्यागाशी करतात. आम्हांस ती तुलना फारशी रुचत नाही. राजवाडा सोडून जाणे निराळे आणि उद्याच्या पेरणीची चिंता असलेले घर सोडून जाणे निराळे; मागे राहिलेल्या कुंताबाईंच्या वाट्याला जे आले त्याचा हिशेब कोणत्याही चरित्रात पुरता मांडलेला नाही. ते असो. अंगावर निरनिराळ्या चिंध्यांचा शिवलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा आणि डोक्यावर अगर हातात मातीचे फुटके गाडगे, असा हा माणूस गावोगाव हिंडू लागला. पाणी प्यावयाचे त्याच गाडग्यात, भाकरी घ्यावयाची तीही त्याच गाडग्यात. कोणी चिंधेबुवा म्हणे, कोणी लोटके महाराज म्हणे. अखेर गाडगे महाराज हेच नाव रूढ झाले. भाकरी फुकट घ्यावयाची नाही, हा त्यांचा नेम होता. कोणाचे अंगण झाडून द्यावे, कोणाची लाकडे फोडून द्यावी, मग भाकरी मागावी. आपल्या या कल्याणच्या परिसरात बसवेश्वरांच्या शिकवणुकीतील कायक हा शब्द घरोघर ठाऊक आहे. महाराजांनी तो शब्द ऐकला होता की नाही याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. त्यांचा दिवस त्याच रीतीने जात असे, हे मात्र खरे.

गावात शिरावे, दिवसभर रस्ते आणि गटारे झाडावी, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम. कीर्तनात वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत जावयाचे आणि श्रोत्यांनी उत्तरे देत जावयाचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, दारूला शिवू नका, घरातील भांडी मोडावी लागली तरी मुलाला शाळेत घाला, असा त्या कीर्तनाचा रोख असे. तुकोबारायांना ते आपले गुरू मानीत. स्वतः मात्र त्यांनी कोणास शिष्य केले नाही आणि कोणास पाया पडू दिले नाही.

अमरावती जिल्ह्यातच पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून तीर्थक्षेत्र आहे. तेथे यात्रेला येणाऱ्या बाया-माणसांना चिखलाच्या उतारावरून पाण्याकडे जावे लागे. म्हाताऱ्या-कोताऱ्या घसरून पडत. १९०८ च्या सुमारास महाराजांनी लोकांना श्रमदानास लावून तेथे घाट बांधला. त्यांच्या बांधकामांचा हा आरंभ होय. देवाच्या मूर्तीपर्यंत पोचण्याची वाट सर्वांसाठी सारखी सुकर असावी, इतकाच त्या घाटाचा अर्थ. पण हाच अर्थ पुढे पंढरपुरात त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर वठविला.

त्या काळचे पंढरपूर कसे होते हे ध्यानी घेतल्यावाचून महाराजांच्या कार्याची किंमत कळणार नाही. चंद्रभागेच्या अर्धचंद्राकृती वळणावर वसलेले हे गाव बारा महिने मध्यम आकाराचे, आणि आषाढी-कार्तिकीला त्याच गावात लक्षावधी माणसांचा लोट. गावात निवाऱ्याच्या जागा नव्हत्या असे मुळीच नाही. अहिल्याबाईंच्या काळचा होळकर वाडा होता. शिंदे घराण्याच्या बायजाबाईंनी बांधलेले द्वारकाधीशाचे मंदिर होते. फडकऱ्यांचे मठ होते. बडवे, उत्पात आणि क्षेत्रोपाध्ये यांची घरे आपापल्या यजमानांसाठी उघडी असत. निरनिराळ्या ज्ञातींनी आपल्या ज्ञातीपुरत्या बांधलेल्या जागाही होत्या. नगरपालिका होती आणि यात्रेकरूंकडून ती यात्राकरही घेत असे. कर घेताना यात्रेकरूची जात वा ऐपत विचारली जात नव्हती. परंतु गावात पाऊल ठेवताच प्रत्येक दार मात्र पहिला प्रश्न तोच विचारी. ज्याच्या ज्ञातीचा मठ आहे, ज्याच्या आजोबाचे नाव उपाध्यायाच्या वहीत आहे, ज्याच्या कनवटीला चार रुपये आहेत, त्याला ओसरी मिळे. बाकीच्यांना वाळवंट. आषाढात तेथे वरून पाऊस, खालून ओल, आणि नदीला पूर आला तर वाळवंटही नाही. यात्रेत पटकीची साथ उठली म्हणजे पहिले बळी कोणाचे जात असतील, ते सांगावयास नको.

अस्पृश्य समजल्या गेलेल्या वारकऱ्यांची स्थिती याहूनही निकृष्ट होती. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तेथवरच त्यांना येता येई. मंगळवेढ्याच्या कुसवाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. गावाच्या भिंतीसाठी राबून त्याच भिंतीखाली गेलेल्या संताचे वंशज सहाशे वर्षांनंतरही गावाच्या कोणत्याही भिंतीआड झोपू शकत नव्हते. त्यांना पाणवठा निराळा, स्वयंपाकाची जागा निराळी आणि तीही जी कोणास नको ती.

गाडगे महाराज दरवर्षी पंढरीस जात, पण देवळात जात नसत. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना ही गोष्ट कानी पडली तेव्हा विपरीत वाटली होती, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. वारी करावयाची आणि विठोबाचे दर्शन घ्यावयाचे नाही, ही कसली भक्ती? महाराज यात्रेत वाळवंट झाडीत, म्हाताऱ्यांची धुणी धूत, रक्तपित्या लोकांना आंघोळ घालीत, आणि रात्री तेथेच कीर्तनाला उभे राहत. वारी पांगल्यानंतर त्या वाळवंटाची जी दशा होते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल, की तेथे खराटा घेऊन उतरणे म्हणजे काय. ती घाण उचलण्याचे काम पिढ्यानपिढ्या एकाच जातीच्या माथी मारलेले होते. सोयी कोणाला मिळाल्या हा एक प्रश्न. आणि सोयींच्या अभावी जी घाण साचते ती कोणी काढली, हा त्याच्या पाठीमागचा दुसरा. महाराज हा दुसरा प्रश्न तोंडाने विचारीत बसले नाहीत, हातात खराटा घेऊन उभे राहिले. त्यांचा खराटा पाहून बरे-बरे घरंदाज लोकही हाती झाडू घेत. ज्या कामाला शिवले तर विटाळ होतो असे मानले जाई, ते काम निदान त्या दिवसापुरते सर्वांचे होई.

पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरच्या वर्षांत उभी केली. ज्यांना गावात कोठेच थारा नव्हता त्यांच्यासाठी पक्क्या भिंतींची, पाण्याची सोय असलेली जागा प्रथम बांधावयाची, असा हा क्रम आहे. आणि या क्रमातच महाराजांची दृष्टी दिसून येते. सर्वसाधारण रीत अशी, की आधी मोठ्यांची सोय करावी आणि उरले-सुरले ते खालच्यांना द्यावे. महाराजांनी रांगेचे शेवटचे टोक हे आरंभ म्हणून धरले.

येथे काळाचा थोडा मेळ घालून पाहणे उद्बोधक ठरेल. सरकारी व नगरपालिकांच्या पैशांनी बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा ठराव श्री. सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला व तो मंजूर झाला तो ऑगस्ट १९२३ मध्ये. त्या अन्वये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना मोकळे केल्याचा ठराव १९२४ साली केला. पण ठराव कागदावरच राहिला, आणि मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यावर नगरपालिकेने आपला ठरावच फिरविला. कज्जा चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली. म्हणजे सर्वांच्या करांतून सांभाळलेल्या तळ्याचे पाणी सर्वांना पिता यावे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली. डॉ. आंबेडकरांचा मार्ग हक्काचा होता. महाराजांचा मार्ग प्रत्यक्ष बांधून देण्याचा. हक्काची लढाई न लढता नुसती निराळी धर्मशाळा बांधून दिल्याने मूळ अन्याय तसाच राहतो, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. पण ज्या म्हातारीला त्याच आषाढात डोक्यावर छप्पर हवे होते तिला चौदा वर्षे थांबा असे कोणी सांगावे?

आक्षेपाचाच विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. महाराजांनी पंढरपुरात पुढे मराठा धर्मशाळा बांधली. पंढरपूर, आळंदी येथे परीट समाजाच्या धर्मशाळा झाल्या. दारावर जातीचे नाव असलेल्या इमारती, आणि त्याही जातिभेदावर कीर्तनातून कोरडे ओढणाऱ्या पुरुषाच्या हातून! याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. पैसा जातीजातींतून येत होता, आणि दाता आपल्या ज्ञातीच्या नावासाठी थैली सैल सोडतो. महाराज व्यवहारी होते. त्यांनी मिळेल त्या वाटेने वीट आणली. आम्ही त्यांचे भक्त असलो तरी हा त्यांच्या कार्यातील उणा भाग होता असेच आमचे मत आहे. महाराजांनाही तो जाणवला असावा असे मानण्यास आधार आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास जे वसतिगृह चालविले होते, त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत व एकाच ओळीत झोपत. त्या वसतिगृहाविषयी महाराजांना विलक्षण प्रेम होते आणि भाऊरावांच्या कार्याला त्यांनी जन्मभर साह्य केले. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडास महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले आहे.

मूर्तिजापूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा, गोरक्षण आणि अंध-अपंगांसाठी सदावर्ते उभी राहिली. ही सारी यादी येथे देण्याचे प्रयोजन नाही. या इमारती चालविण्याची महाराजांची रीत मात्र पाहण्याजोगी आहे, कारण सोय बांधणे एक वेळ सोपे. ती बांधल्यानंतर कोणाच्या तरी घशात जाऊ न देणे कठीण. आपल्या देशात धर्मशाळा बांधल्या कमी गेल्या असे नाही. दोन पिढ्यांनंतर त्यांत व्यवस्थापकाचे बिऱ्हाड असते, पुढच्या खोल्यांत ओळखीची माणसे उतरतात, आणि परका यात्रेकरू ओट्यावर झोपतो, ही आपली नेहमीची कथा आहे. महाराजांनी याची जड स्वतःच्या घरापासून खणली. ते स्वतः या धर्मशाळांत राहत नसत. बाहेर कोठे झाडाखाली, खोपटात पडत. तेथले अन्न खात नसत. गावात भाकरी मागून आणीत. पैशाला हात लावीत नसत. कीर्तनात जमलेली रक्कम पंच मंडळींच्या हाती जाई. कुंताबाईंनाही धर्मशाळेत बिऱ्हाड मिळाले नाही. त्या झोपडीतच राहिल्या. आपल्या वारसांचा वा नातलगांचा या संस्थांवर कसलाही हक्क नाही, असे महाराजांनी लेखी करून ठेवले. जो लाभ आपल्या हातात आहे तो प्रथम आपल्या माणसांना नाकारणे, हे फार कठोर वाटते, आणि कुंताबाईंच्या बाजूने पाहिले तर ते कठोर होतेच. त्यांचा एकुलता मुलगा गोविंदा वारल्याची वार्ता महाराजांना कोकणात खारेपाटण येथे कळली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. हा प्रसंग भाविक लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हांस तो ऐकताना अभिमानाबरोबर त्या माउलीचीही आठवण येते.

आपल्या मंदिराचा या साऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवास जाणारे लोक याच रस्त्याने जातात. पंढरीचे वारकरी याच रस्त्याने जातात. त्यांतील काही आपल्या मंदिराच्या ओवरीत रात्र काढतात. आमच्या बैठकांतून कळसाच्या रंगाविषयी जेवढा वेळ चर्चा चालते तेवढा वेळ मागील बाजूच्या नळाच्या तोटीला मिळत नाही, ही गोष्ट आम्ही संकोचानेच येथे कबूल करतो.

पंढरीचे विठ्ठलमंदिर सर्व हिंदूंना मोकळे व्हावे यासाठी साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरातच उपोषण आरंभिले आणि दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचा निर्णय होऊन ते सुटले. देवळाचे दार उघडले. मग निराळ्या धर्मशाळेचे काय करावयाचे? महाराजांनी १९४९ साली चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली, ती विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी उपयोगी पडावी म्हणून. स्वतः एक अक्षर न वाचता येणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षे भिक्षा मागून बांधलेली वास्तू, देशाची घटना सिद्ध करीत असलेल्या पंडिताच्या हाती, मुलांच्या शिक्षणासाठी सोपविली. दोघांमध्ये परस्परांविषयी अत्यंत आदर होता. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांचाही महाराजांशी स्नेह होता. पुढे ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली व निरनिराळ्या संस्थांचा कारभार एका सूत्रात आणला गेला. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले महाराजांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

उतारवयात महाराजांचे लक्ष एका नव्या प्रकारच्या यात्रेकरूकडे गेले. ही यात्रा देवाची नव्हे, दवाखान्याची. मुंबईस भायखळ्याला जे. जे. रुग्णालय आहे. कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून गरीब रोगी तेथे येत. रोग्याला खाट मिळे. पण त्याच्याबरोबर आलेल्या बायकोने, म्हाताऱ्या बापाने, तान्ह्या मुलाने रात्र कोठे काढावी? मुंबईत ज्याचा भाऊबंद गिरणीत आहे तो चाळीतील खोलीत दहावा म्हणून झोपे. ज्याचे कोणीच नाही तो रुग्णालयाच्या कुंपणाबाहेर पदपथावर चूल मांडी. शहरात उत्तम रुग्णालय बांधणे ही मोठीच सोय खरी. परंतु तिचा लाभ घेण्यासाठी शहरात आधीच एक घर असावे लागते, ही गोष्ट ते बांधणाऱ्यांच्या ध्यानी आली नव्हती. पंढरीच्या वाळवंटावर ज्याने आयुष्य काढले त्याला तो पदपथ ओळखीचाच वाटला असेल. १९५४ साली जे. जे. रुग्णालयाच्या रोग्यांच्या नातलगांसाठी महाराजांची धर्मशाळा उभी राहिली.

या गोष्टीचे मर्म आपल्या भागातील लोकांस विशेष कळावे. येथून सोलापूरला, हैदराबादेस अगर कलबुर्गीस रोगी घेऊन जाणाऱ्या किती जणांनी मोठ्या रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली रात्री काढल्या आहेत! गावाकडील माणसाला शहराची सोय घ्यावयाची तर तिकिटाचे पैसे जमवून भागत नाही. तेथे राहण्याचे पैसे जमवावे लागतात, आणि ते औषधाच्या पैशांपेक्षा कधी कधी जास्त होतात.

महाराजांची प्रकृती १९५६ च्या अखेरीस ढासळत गेली. मुंबईस वांद्र्याला त्यांचे अखेरचे मोठे कीर्तन झाले. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखातून म्हैसूर राज्यात गेला; ६ डिसेंबरला दिल्लीस डॉ. आंबेडकर गेले. महाराज तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ती वार्ता ऐकून त्यांना फार दुःख झाले, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, त्यांनी देह ठेवला. अमरावतीस त्यांची समाधी आहे.

त्यानंतर पुष्कळ काही झाले. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून ग्रामस्वच्छतेची मोहीम त्यांच्या नावाने चालविली. अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले. पंढरीचा प्रश्न मात्र इतक्या सहजासहजी सुटला नाही. यात्रेनंतर वाळवंटातील मैला माणसांनी हाताने काढण्याची पद्धत एकविसाव्या शतकातही चालू राहिली, आणि ते गाऱ्हाणे अखेर मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. त्यानंतर शौचालयांची संख्या वाढविण्यात आली, वाळवंटातील तंबूंना आळा बसला आणि नदीपलीकडे पासष्ट एकरांच्या जागेवर वारकऱ्यांसाठी पाणी, वीज व शौचालये यांची सोय करण्यात आली. तेथे उतरताना ज्ञाती विचारली जात नाही. आपल्याकडील दिंड्यांतील मंडळीही आता तेथे उतरतात. जागा आगाऊ न घेतल्यास मिळत नाही, आणि आगाऊ कशी घ्यावयाची हे ज्यांना ठाऊक नाही अशा लहान दिंड्यांना अजूनही नदीकाठच धरावा लागतो, अशी कुरकुर त्यांच्याकडून ऐकू येते.

मुंबईस दादर येथे श्री गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतून येणारे गरीब रोगी आणि त्यांची माणसे तेथे अल्प खर्चात राहतात. मराठी, हिंदी, बंगाली, कानडी अशा सर्व भाषा तेथील ओवऱ्यांतून कानी पडतात. रुग्णालयाचा कागद दाखवावा, जागा असेल तर मिळते. नसेल तर रांगेत थांबावे लागते.